तीन पानांचा मसुदा आणि लोकांचा अविश्वास

आर्थिक अरिष्टाच्या काळात शासनाने बाजारात हात घातला की लोक त्याकडे संशयाने का पाहतात, या प्रश्नाला सामान्यतः दोन ठरीव उत्तरे दिली जातात. पहिले असे की, अमेरिकेसारख्या देशात मुक्त बाजारपेठेवरील श्रद्धा इतकी दृढ आहे की शासनाचे कोणतेही पाऊल तेथे पाखंडच ठरावयाचे. दुसरे असे की, सामान्य माणसाला पतव्यवहाराची गुंतागुंत कळत नाही; म्हणून तो आधी घाबरतो आणि मग रागावतो; सांगणाऱ्यांनी नीट समजावून सांगितले असते तर त्याने ऐकले असते. २००८ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेत जे घडले त्याविषयी लिहिताना ही दोन्ही उत्तरे विशेष आत्मविश्वासाने पुढे केली जातात. माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत. त्या महिन्यातील अविश्वास हा पुष्कळ अंशी एका लिखित संहितेचे वाचन होता, आणि वाचकांना तीत जे दिसले ते तीत खरोखरच होते, एवढे दाखवून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक मर्यादा सांगितली पाहिजे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे. पतपुरवठ्याच्या यंत्रणेविषयी अधिकारवाणीने बोलण्याची त्याची पात्रता नाही. परंतु शासनाचा हस्तक्षेप हा अखेर शब्दांच्याच द्वारे अस्तित्वात येतो. विधेयक, साक्ष, निवेदन, नभोवाणीवरील भाषण हे सर्व गद्याचेच प्रकार होत. ललित नव्हेत, इतकेच. शिवाय ज्या वस्तूविषयी हे गद्य लिहिले जाते ती वस्तूही बोलण्यावरच उभी असते. मराठीत 'पत' हा शब्द माणसाची अब्रू आणि त्याला मिळणारी उधारी या दोहोंना मिळून आहे. इंग्रजी 'क्रेडिट'च्या मुळाशी विश्वास ठेवणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. जेथे विश्वास हाच व्यवहाराचा माल आहे, तेथे विश्वास मागणाऱ्याचे वाक्य कसे रचलेले आहे हे पाहणे अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

घटनाक्रम परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. घरांच्या गहाणकर्जांवर आधारलेल्या रोख्यांचे मूल्य ढासळू लागल्यावर २००८ च्या मार्चमध्ये बेअर स्टर्न्स ही पेढी कोसळण्याच्या बेतात आली. तेव्हा फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने सुमारे ३० अब्ज डॉलरचे साहाय्य देऊन तिची जेपी मॉर्गनला विक्री घडवून आणली. ७ सप्टेंबरला फॅनी मे व फ्रेडी मॅक या गहाणकर्जाच्या दोन प्रचंड संस्था सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळे जाहीर केले. तिला कोणी वाचवले नाही. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देऊन तिची ७९.९ टक्के मालकी सरकारच्या बाजूने राखून ठेवण्यात आली. आणि २० सप्टेंबरला, शनिवारी, अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांच्या खात्याचा तो मसुदा लोकांसमोर आला: गहाणकर्जाशी निगडित मालमत्ता विकत घेण्यासाठी ७०० अब्ज डॉलर, आणि लांबी अवघी तीन पाने.

हा मसुदा मराठीत उतरवू पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ती त्यातील कारकांची रचना. कर्त्याच्या जागी जवळजवळ सर्वत्र एकच व्यक्ती आहे: अर्थमंत्री. मालमत्ता विकत घ्यावयाची ती त्यांनी. ज्या अटींवर घ्यावयाची त्या ठरवावयाच्या त्यांनी. कोणती कृती आवश्यक आहे हे मानावयाचेही त्यांनीच. सरकारी कंत्राटांविषयीचे इतर कायदे बाजूला ठेवून करार करण्याची मुभा त्यांना. काँग्रेस या संहितेत येते ती मुख्यतः संप्रदान म्हणून, म्हणजे अहवाल जिला द्यावयाचा ती. आणि तो पहिला अहवालही अधिकार वापरण्यास आरंभ झाल्यावर तीन महिन्यांच्या आत द्यावयाचा. करदाता येतो तो कर्मपदी, ज्याचे रक्षण करावयाचे तो. तेही कसे? अर्थमंत्र्यांनी दोन गोष्टींचे उपाय 'विचारात घ्यावेत' असे एक कलम आहे. त्यांतील पहिली गोष्ट बाजारांचे स्थैर्य, दुसरी करदात्याचे रक्षण. ज्याचे पैसे खर्च व्हावयाचे तो या तीन पानांत एकाही क्रियापदाचा कर्ता नाही.

न्यायालय मात्र कर्ता म्हणून एकदा येते, आणि ते कलम ८ मध्ये. या कलमाविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्याच्या रचनेकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे मला वाटते. त्यात सांगितलेली गोष्ट एकच आहे: अर्थमंत्र्यांच्या निर्णयांचा फेरविचार होणार नाही. ही एकच गोष्ट तेथे तीन प्रकारांनी सांगितली आहे. निर्णय पुनर्विलोकनास पात्र नाहीत. ते खात्याच्या स्वेच्छेकडे सोपवलेले आहेत. आणि कोणतेही न्यायालय वा प्रशासकीय संस्था त्यांचे पुनर्विलोकन करू शकणार नाही. कायद्याचा जाणकार म्हणेल की यांतील प्रत्येक शब्दप्रयोगाला स्वतंत्र कायदेशीर इतिहास आहे, आणि ते खरे आहे. परंतु ज्या मसुद्यात किंमत कशी ठरणार याविषयी एक शब्द नाही, विक्रेत्याकडून मोबदल्यात काय घ्यावयाचे याविषयी एक शब्द नाही, त्याच मसुद्यात एवढ्या एका ठिकाणी पुनरुक्तीची चैन केलेली आहे. लेखक कोठे काटकसर करतो आणि कोठे सढळ होतो यावरून त्याच्या मनातील भय कळते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगावयास नको. मसुदाकारांना भय होते ते विलंबाचे, कज्जेदलालीचे. वाचकांनी ते भय उत्तरदायित्वाचे आहे असे वाचले. शब्दांवरून पाहता दोन्ही वाचने संभवतात. आणि दोन्ही संभवतात हीच त्या कलमाची नामुष्की आहे.

मसुदा हा केवळ आराखडा होता, तपशील काँग्रेसनेच भरावा अशी त्यामागे कल्पना होती, असे समर्थन पॉल्सन यांनी पुढे केले. त्यात तथ्य असेल. पण आराखड्यात जे रिकामे सोडावयाचे ते रिकामे दिसले पाहिजे. येथे रिकाम्या जागी 'अर्थमंत्री ठरवतील त्याप्रमाणे' हे शब्द भरलेले होते, आणि भरलेली जागा कोणी रिकामी समजत नाही.

रकमेचीही तीच गत. ७०० अब्ज हा आकडा कोठून आला, असे विचारले असता अर्थखात्याच्या प्रवक्त्याकडून आलेले उत्तर नियतकालिकांत प्रसिद्ध झाले: तो कोणत्याही विशिष्ट माहितीवर आधारलेला नाही, खूप मोठी संख्या निवडावयाची होती. म्हणजे ही संख्या अंकांत लिहिलेली असली तरी तिचे कार्य विशेषणाचे होते. आपल्याकडे 'छप्पन्न' म्हणताना कोणी मोजून म्हणत नाही, तसेच हे. शिवाय मसुद्यात ही मर्यादा 'कोणत्याही एका वेळी' शिल्लक असलेल्या खरेदीची होती. घेतलेली मालमत्ता विकून पुन्हा नवी घेता येत होती. तीन शब्दांचे हे क्रियाविशेषण ज्यांनी वाचले त्यांना एकूण खरेदीला मर्यादाच नाही हे कळून चुकले.

आता किमतीचा प्रश्न. सर्व वादाचे बीज येथे आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. २३ सप्टेंबरला सेनेटच्या बँकिंग समितीपुढे साक्ष देताना फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी एकाच रोख्याच्या दोन किमती सांगितल्या. एक, आज घाईने विकावयाचा झाल्यास मिळणारी पडेल किंमत. दुसरी, मुदत संपेपर्यंत बाळगल्यास त्यातून मिळेल ती. सरकारने दुसरीच्या जवळपास भाव दिला तर बँकांच्या ताळेबंदाला आधार मिळेल, बाजारालाही खरा भाव कळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो असमंजस नव्हे. परंतु मोंढ्यावर माल आणणारा कोणीही शेतकरी त्यावर विचारील की, मुदतीअखेरची किंमत आज कोणाला ठाऊक आहे? ज्याला ती ठाऊक आहे असे मानावयाचे तो विकणारा आहे की घेणारा? बँकेला आपल्या रोख्याची जातकुळी माहीत, सरकारला नाही. म्हणजे जाणता विकणार आणि अजाणता घेणार. हा आक्षेप घेण्यासाठी कोणत्याही आर्थिक पंथाची दीक्षा लागत नाही.

इंग्लंडमधील वॉल्टर बॅजट याने १८७३ च्या आपल्या 'लोंबार्ड स्ट्रीट' या ग्रंथात घबराटीच्या वेळी मध्यवर्ती बँकेने सढळपणे कर्ज द्यावे, पण ते चढ्या व्याजाने व चांगल्या तारणावर द्यावे, असे प्रतिपादन केले होते. आणि हे धोरण लोकांना आधीपासून माहीत असावे असाही त्याचा आग्रह होता. बॅजटचे हे सूत्र मराठीत सांगू गेल्यास आपल्या भाषेतील एक योगायोग उपयोगी पडतो. 'तारण' म्हणजे कर्जाच्या बदल्यात ठेवलेली वस्तू; आणि 'तारणे' म्हणजे बुडत्याला वाचवणे. एकाच धातूतून निघालेले हे दोन शब्द शेजारीशेजारी ठेवले की २००८ चा प्रश्न आपोआप मांडला जातो: बँकांना तारावयाचे हे खरे, पण तारण काय? मसुद्याच्या तीन पानांत पहिल्या अर्थाची छटासुद्धा नव्हती. लोक ज्याविषयी विचारत होते ते नेमके हेच होते.

या काळातील विशेषणांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. ज्या रोख्यांना कोणी गिऱ्हाईक नव्हते त्यांना वृत्तपत्रे 'विषारी' म्हणत. कायद्याने त्यांना 'अडचणीतील' म्हटले. विष ही वस्तूचा गुण सांगणारी संज्ञा, अडचण ही परिस्थितीची. म्हणजे दोष मालातून निघून काळावर गेला. पुढे मार्च २००९ मध्ये नवे अर्थमंत्री टिमथी गाइट्नर यांनी खाजगी भांडवलाच्या भागीदारीची योजना मांडली, तिच्यात हेच रोखे 'वारशाने आलेले' झाले. सहा महिन्यांत विषारी मालाची वडिलोपार्जित मिळकत झाली! माल तोच, त्याचे धारक बव्हंशी तेच. शब्द बदलल्याने भाव सुधारेल ही आशा बाजाराच्या बाबतीत कदाचित क्षम्य असेल, कारण तेथे भावनाही भावात धरलेली असते. पण श्रोता जेव्हा नागरिक असतो तेव्हा त्याला प्रत्येक नव्या विशेषणासरशी आधीचे विशेषण आठवते. 'बेलआउट' न म्हणता 'रेस्क्यू' म्हणा, असा योजनेच्या समर्थकांनी धरलेला आग्रह याच कारणाने फसला. लोकांनी दोन्ही शब्द जपून ठेवले आणि एकाने दुसऱ्याची साक्ष काढली.

अविश्वासाचे आणखी एक कारण मसुद्याच्या बाहेरचे आहे. कोणत्याही भाषेचे व्याकरण उदाहरणांवरून काढले जाते. शासनाच्या वर्तनाचा नियमही लोक तसाच काढू पाहतात. बेअर स्टर्न्स वाचवली, लेहमन वाचवली नाही, एआयजी वाचवली. या तीन उदाहरणांतून कोणता नियम निघतो? आकार म्हणावा तर लेहमन बेअर स्टर्न्सहून मोठी होती. अपवादाचे कारण स्पष्ट सांगितले असते तर नियम तगला असता. परंतु लेहमनविषयी आरंभी असे सांगण्यात आले की बाजाराला सावध होण्यास पुरेसा अवधी मिळाला होता. नंतर असे सांगण्यात आले की तिला वाचवण्याचा कायदेशीर अधिकारच नव्हता, कारण पुरेसे तारण नव्हते. ही दोन कारणे एकमेकांचे समर्थन करीत नाहीत. पहिल्यात निर्णय आहे, दुसऱ्यात अगतिकता. आरंभी आपण अधिक स्पष्ट बोलावयास हवे होते अशी खंत बर्नान्की यांनी पुढे व्यक्त केली, हे त्यांच्या प्रांजळपणाचे द्योतक आहे. पण मसुदा लोकांपुढे आला त्या आठवड्यात वाचकांच्या हाती फक्त पहिले कारण होते.

येथे एक आक्षेप येऊ शकेल, आणि तो वजनदार आहे. आणीबाणीच्या वेळी अधिकार एकवटावेच लागतात. फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी १९३३ च्या मार्चमध्ये हेच केले आणि लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. ६ मार्चला देशातील सर्व बँका बंद करण्यात आल्या. ९ मार्चला आणीबाणीचा बँकिंग कायदा एका दिवसात संमत झाला, इतक्या घाईने की प्रतिनिधिगृहातील बहुतेकांना छापील प्रतही पाहावयास मिळाली नाही. या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना दिलेले अधिकार काही लहान नव्हते. आणि बँका बंद करण्याला 'सुट्टी' म्हणणे हा सौम्योक्तीचा नमुनाच होय. तरीही बँका उघडल्यावर पैसे काढून घेणाऱ्यांच्या ऐवजी पैसे भरणाऱ्यांच्या रांगा लागल्या. लोकांनी घरी नेऊन ठेवलेल्या चलनापैकी निम्म्याहून अधिक चलन दोन आठवड्यांत बँकांत परतले.

फरक कोठे होता? १२ मार्च १९३३ च्या रात्री रूझवेल्ट नभोवाणीवर सुमारे चौदा मिनिटे बोलले. त्या भाषणाची रचना पाहिली की फरक कळतो. बँकेत पैसा ठेवला म्हणजे बँक त्याचे काय करते, येथून ते आरंभ करतात. मग काय झाले, काय केले, उद्या कोणत्या शहरांतील बँका उघडतील, परवा कोणत्या, असे क्रमाने सांगतात. सर्व बँका उघडतील असे आश्वासन ते देत नाहीत. एकाचेही नुकसान होणार नाही असेही म्हणत नाहीत. मुख्य म्हणजे या भाषणात ऐकणारा कर्ता आहे: बँका चालाव्यात की नाही हे शेवटी त्याच्या हाती आहे, असे त्यास सांगितले जाते. शिवाय येथे विश्वासाच्या बदल्यात तपासणीचे आश्वासन आहे. ज्या बँका तपासून धड ठरल्या त्याच उघडावयाच्या होत्या. २००८ मध्ये तपासणी नव्हती, फक्त खरेदी होती. म्हणून अधिकाराचे एकत्रीकरण हे अविश्वासाचे पुरेसे कारण नव्हे, एवढे हा आक्षेप सिद्ध करतो. मसुदा विश्वासार्ह होता हे तो सिद्ध करीत नाही.

त्यापूर्वीच्याच वर्षीचा इतिहास तर उलट साक्ष देतो. १९३२ मध्ये हूव्हर यांच्या कारकिर्दीत बँकांना कर्जे देण्यासाठी पुनर्रचना वित्त महामंडळ स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष चार्ल्स डॉज यांनी जूनमध्ये राजीनामा दिला, आणि त्याच महिन्यात त्यांच्या शिकागो येथील बँकेला महामंडळाकडून ९० दशलक्ष डॉलरचे कर्ज मिळाले. कर्ज कदाचित आवश्यकच होते. पण त्यानंतर कर्जदारांची नावे प्रसिद्ध व्हावीत या मागणीला कोणी थोपवू शकले नाही. 'कोणाला दिले' हे विचारणारे लोक अर्थशास्त्राचे अज्ञानी होते असे त्या वेळीही म्हटले गेले असेल. प्रश्न मात्र रास्त होता.

आता अविश्वास दर्शविणाऱ्यांच्या भाषेकडे वळू. कारण तिचाही हिशेब घेतला पाहिजे. २००८ च्या विरोधकांपैकी सर्वांत चांगले वाचन, माझ्या मते, २४ सप्टेंबरला शंभराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनी काँग्रेसच्या नेत्यांना पाठवलेल्या पत्रात आढळते. धाडसी उपायांची गरज आहे हे ते पत्र मान्य करते. आणि मग तीन आक्षेप घेते: योजना न्याय्य नाही, ती संदिग्ध आहे, आणि तिचे दूरगामी परिणाम घातक आहेत. दुसरा आक्षेप साक्षात भाषेचा आहे. खरेदीच्या अटी, प्रसंग व पद्धती आधीच स्फटिकासारख्या स्पष्ट असाव्यात, असे ते म्हणतात. मुक्त बाजारपेठेचे कट्टर समर्थक ज्यांत होते त्या मंडळींचे हे पत्र 'शासनाने काही करू नये' असे म्हणत नाही, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे.

सभागृहांतील भाषा मात्र निराळी होती. केंटकीचे सेनेटर जिम बनिंग यांनी या योजनेला 'आर्थिक समाजवाद' म्हटले. इतर अनेकांनी तोच शब्द उचलला. डावीकडचे टीकाकार 'श्रीमंतांसाठी समाजवाद' म्हणू लागले. एकाच शब्दाने दोन परस्परविरोधी आक्षेप व्यक्त होऊ लागले की तो शब्द काहीच सांगेनासा होतो. उजव्या बाजूला त्याचा अर्थ होता: सरकार फार घेत आहे. डाव्या बाजूला: सरकार फार देत आहे. मसुद्याचा खरा दोष या दोन्हींहून वेगळा होता: काय घेणार, काय देणार आणि त्याबद्दल कोणापुढे उत्तर देणार, हे सरकार सांगतच नव्हते. 'समाजवाद' या शब्दाने विरोधकांना घोषणा मिळाली आणि त्यांचा सर्वांत धारदार प्रश्न बोथट झाला. 'वॉल स्ट्रीट विरुद्ध मेन स्ट्रीट' या जोडीचेही तेच. पहिला रस्ता न्यूयॉर्कच्या नकाशावर दाखवता येतो. दुसरा प्रत्येक गावात आहे आणि म्हणून कोठेच नाही. अशा लक्षणेने सहानुभूती जागते, पण आक्षेपाला पत्ता मिळत नाही.

२९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले. विरोधात १३३ रिपब्लिकन व ९५ डेमोक्रॅट होते. त्या दिवशी डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी घसरला. येथे माझ्या प्रतिपादनाला अडचणीची एक गोष्ट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी मतास आलेली संहिता तीन पानांची नव्हती. ती शंभराहून अधिक पानांची झाली होती, आणि कलम ८ तीतून गेले होते. मग अविश्वास हे वाचन असेल, तर सुधारलेल्या संहितेवर तो का कायम राहिला? निवडणूक पाच आठवड्यांवर आली होती हे एक कारण उघड आहे. दुसरे असे की, पहिली संहिता लोकांनी वाचली होती आणि दुसरी वाचणे शक्य नव्हते. तीन पाने कोणीही वाचतो, शंभर पाने कोण वाचणार? संक्षेपाची ही शिक्षा मसुदाकारांच्या ध्यानात आली नसावी. लहान संहिता दूरवर जाते, आणि तिची दुरुस्ती तिच्या मागे धावून तिला गाठू शकत नाही.

तथापि अविश्वासाने काय साधले हे अखेरच्या कायद्यात दिसते. सेनेटने १ ऑक्टोबरला ७४ विरुद्ध २५, प्रतिनिधिगृहाने ३ ऑक्टोबरला २६३ विरुद्ध १७१ मतांनी तो संमत केला. त्यात न्यायालयीन पुनर्विलोकनाची तरतूद परत आली. रक्कम २५०, १०० व ३५० अब्जांच्या हप्त्यांत विभागली गेली. साहाय्य घेणाऱ्या संस्थांच्या भागभांडवलावर सरकारचा हक्क राखला गेला, म्हणजे अखेर तारण आले. काँग्रेसची देखरेख समिती आणि खास महानिरीक्षक यांची योजना झाली. (त्याच कायद्यात मुलांच्या खेळातील लाकडी बाणांवरील कर माफ करणारे कलमही शिरले. मते कशी जमवली गेली याची ती एक गमतीची खूण आहे.) यांपैकी एकही तरतूद, विशेषतः तारणाची, लोकांनी व त्यांच्या प्रतिनिधींनी मूळ मसुद्यावर विश्वास ठेवला असता तर आली नसती. अविश्वासाला अडथळा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब क्वचितच मांडला आहे.

पुढील घटनांनी अविश्वासाला पुष्टीच दिली. 'अडचणीतील मालमत्ता निवारण कार्यक्रम' असे योजनेचे नाव. परंतु १४ ऑक्टोबरला जाहीर झाले ते असे की, २५० अब्ज डॉलर बँकांच्या भांडवलात घालावयाचे, त्यांतील निम्मे नऊ मोठ्या संस्थांत. आणि १२ नोव्हेंबरला अर्थमंत्र्यांनी मूळ कल्पनेप्रमाणे मालमत्ता विकत घेण्याचा बेत सोडल्याचे सांगितले. हा बदल शहाणपणाचा होता असे अनेक जाणकार मानतात आणि मलाही तसेच वाटते; भांडवल देणे हे किमतीचे कोडे टाळण्याचा मार्ग होता. पण ज्या कृतीसाठी अधिकार मागितला ती न करता दुसरीच केली, हे सत्य राहते. संज्ञा उरली, संज्ञी गेला. मार्च २००९ मध्ये एआयजीच्या ज्या विभागाने तिला बुडवले त्यातील कर्मचाऱ्यांना १६५ दशलक्ष डॉलरचे बक्षीस मिळाल्याची बातमी आली, आणि त्यावर शासनाचे उत्तर होते की पूर्वीचे करार मोडता येत नाहीत. घरमालकांच्या करारांविषयी मात्र तेवढीच सोवळी भाषा कोणी वापरीत नव्हते.

अविश्वासाचा सर्वच भाग मात्र वाचन होता असे नव्हे. १९ फेब्रुवारी २००९ रोजी शिकागोच्या सौदेबाजारातून बोलताना दूरचित्रवाणीवरील एक भाष्यकार, रिक सांतेली, यांनी जो संताप व्यक्त केला, तो आदल्या दिवशी जाहीर झालेल्या, हप्ते थकलेल्या घरमालकांना साहाय्य करण्याच्या योजनेवर होता. शेजाऱ्याचे कर्ज आम्ही का फेडावे, असा त्याचा आशय. त्यातून 'टी पार्टी' चळवळीला चालना मिळाली. ज्या योजनेत बँकांना शेकडो अब्ज डॉलर दिले गेले तिच्याविषयीचा राग येथे शेजारघरावर वळला. येथे कोणतीही संहिता वाचली जात नव्हती. सप्टेंबरातील प्रश्न, 'कोण ठरवणार आणि कोणापुढे उत्तर देणार', येथे 'कोण लायक' असा बदलला होता. दोन्ही अविश्वासांना एकच नाव देणारे अभ्यासक माझ्या मते मोठी गल्लत करतात.

बँकांना दिलेले सुमारे २४५ अब्ज डॉलर व्याज-लाभांशासह, दिल्याहून अधिक होऊन परत आले. तरी २०१० च्या मे महिन्यात यूटा राज्याच्या पक्षमेळाव्यात रॉबर्ट बेनेट या ज्येष्ठ सेनेटरांची उमेदवारी गेली, आणि त्यांच्यावरील आरोपांत २००८ चे ते मत अग्रभागी होते. पैसे परत आले हे उत्तर 'पैसे बुडतील' या आक्षेपाला आहे. 'ठरवणाऱ्याला कोण विचारणार' या आक्षेपाला ते उत्तर नाही. आणि तो आक्षेप कायद्याच्या भाषेत टिकून राहिला, असे पुढे दिसते. मार्च २०२० मध्ये महासाथीच्या वेळी अर्थखात्याला ५०० अब्ज डॉलरचा निधी देणारा कायदा झाला, तेव्हा खास महानिरीक्षक व काँग्रेसची देखरेख समिती यांची कलमे त्यात संमत होण्यापूर्वीच घातलेली होती. मात्र २७ मार्चला सही करताना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जोडलेल्या निवेदनात म्हटले की, महानिरीक्षकाने राष्ट्राध्यक्षांच्या देखरेखीवाचून काँग्रेसला परस्पर अहवाल द्यावा असा त्या कलमाचा अर्थ आपले शासन करणार नाही. ते निवेदन कलम ८ च्या शेजारी ठेवून वाचावे. दोन्हींत क्रियापदे निराळी आहेत, नकाराची जागा एकच आहे.